फरशी उखडण्याआधी, टँकबद्दल थोडं

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ मला झोपच लागली नाही. हॉलची जुनी मोझेक काढून व्हिट्रिफाइड बसवताय, हे ऐकून बरं वाटलं. त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना तू किती वर्षं कंटाळली होतीस! पण माशांच्या टँकचं विचारलं तर म्हणालीस, "त्याचं काय ताई, चार जणांना बोलवू आणि सरकवून घेऊ बाजूला." त्या वाक्यापाशी मी अडले ती अडलेच. फोनवर एवढं सगळं सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. घाईत वाचू नकोस.

आधी वजनाचं बघ. तुझा टँक चार फुटी. रुंदी दीड फूट, उंची दीड फूट. काठोकाठ भरला तर त्यात २५५ लिटर पाणी मावतं, आणि लिटरला किलो हा हिशोब तुला ठाऊक आहेच. काच दहा मिलिमीटरची आहे, म्हणजे रिकाम्या पेटीचंच वजन पन्नास किलोच्या आसपास. त्यात रेती, दगड, ते भलंमोठं लाकूड आणि खाली लोखंडी अँगलचं स्टँड. सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. पाच-सहा मोठी माणसं खेटून उभी राहावीत, तेवढा भार हॉलच्या त्या एका कोपऱ्यात गेली कित्येक वर्षं उभा आहे. तो सरकवायचा नसतो गं.

"ताई, अर्धं पाणी काढा, मग हलवतो," असं कुणीतरी म्हणेलच. तरीही नाहीच म्हण. पाण्यासकट उचलला की एक कोपरा आधी वर येतो, दुसरा खालीच राहतो आणि तळाची काच पिळली जाते. मग एक तर ती तडकते, नाहीतर सिलिकॉनचा सांधा कुठेतरी सुटतो. सांधा सुटला तर ते त्याच वेळी कळेलच असंही नाही. टँक पुन्हा भरून झाला, सगळे झोपले, की मग थेंब गळायला लागतात. म्हणून पाणी, दगड, रेती सगळं बाहेर काढून, पेटी पूर्ण रिकामी करूनच उचलायची. दुसरा कुणी सांगेल की टँकच्या खालचा तुकडा तसाच ठेवू, बाकीची फरशी बदलून घेऊ. त्यालाही होकार देऊ नकोस. मासे नुसते पाहत नाहीत; त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी रेघ असते, तिच्यातून त्यांना पाण्यातली हालचाल आणि थरथर जाणवते. दोन फुटांवर छिन्नी-हातोडा चालू असताना ते त्या पाण्यात कसे राहतील, विचार कर. शिवाय नवी फरशी आणि जुना तुकडा यांच्या उंचीतला फरक कायमचा राहतो, तो वेगळाच.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले, ते सांगते. हे तुला मी कधी नीट सांगितलं नव्हतं.

बाबांचा तो काळा एंजल तुला आठवतो? बाबा आपल्या दोघींना मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते. १९५१ साली सुरू झालेलं ते, बाबांच्याही लहानपणीचं. तिथून परत येताना क्रॉफर्ड मार्केटमध्ये थांबून त्यांनी आपला पहिला छोटा टँक घेतला. तेव्हापासून घरात मासे नाहीत असं वर्ष गेलं नाही. तो काळा एंजल मात्र बराच नंतरचा. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. माझ्या घरी हॉलची फरशी बदलायची ठरली तेव्हा मी सगळं जपून केलं होतं. नवे टब आणले, पाणी मुरवलं, मासे हलक्या हाताने काढले. आणि टँक रिकामा झालाच आहे तर फिल्टरही स्वच्छ करावा, म्हणून त्यातला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाखाली धरून घासून घासून धुतल्या. पाणी अगदी नितळ येईपर्यंत धुतल्या. मला वाटलं, आता माशांना छान वाटेल.

चौथ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होते. मी पाणी बदललं, अजून एक एअर स्टोन टाकला. सहाव्या दिवशी तो काळा एंजल टबच्या तळाशी आडवा होता. बाबांच्या हातचा होता तो. मी बराच वेळ त्या टबपाशी बसून होते, आणि काय चुकलं हे मला तेव्हा कळलंही नव्हतं.

कळलं ते असं. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो विषारी असतो, थोडासाही. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशांना घातकच. आणखी काही जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बेताच्या प्रमाणात मासे सोसू शकतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजला, रिंगांच्या भोकांत, रेतीच्या कणांवर. नवा टँक लावल्यावर त्यांची वस्ती तयार व्हायला महिना-सव्वा महिना सहज लागतो. आणि महापालिकेच्या नळाला येणारं क्लोरीनचं पाणी जिवाणू मारण्यासाठीच तसं केलेलं असतं. मी त्या दिवशी नळाखाली धरून जे धुतलं ती घाण नव्हती, टँकचा प्राण होता. तो तपकिरी, बुळबुळीत थर बघून तुलाही धुवावंसं वाटेल. धुऊ नकोस. फारच गाळ साचला असेल तर टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्याच्या बादलीत दोनदा हलकेच बुचकळून घे, बस.

लोक जुनं पाणी जपतात, पिंपं भरभरून ठेवतात आणि फिल्टर मात्र कोपऱ्यात कोरडा टाकतात. मी म्हणते, उलटं कर. मासे टबात सोडायला जुनं पाणी हवंच, कारण त्यांना त्याची सवय असते. पण दहा-बारा दिवसांनी परत भरायला म्हणून ते साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही. उरलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, गॅलरीतल्या जास्वंदीला घाल. नायट्रेट हे झाडांचं खतच.

फिल्टरचं मात्र घड्याळ लावून कर. तुझा कॅनिस्टर फिल्टर बंद पडला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन हे जिवाणू थोड्याच वेळात संपवतात, आणि मग तेच गुदमरून मरतात. डबा बंद करून चार-पाच तास तसाच राहिला आणि मग सुरू केला, तर आतलं कुजकं पाणी थेट माशांवर सोडल्यासारखं होईल. म्हणून टब आधी तयार ठेव, मासे टबात गेले की लगेच तोच फिल्टर त्या टबावर लाव. मासे आणि फिल्टर एकत्रच राहू दे. जिवाणूंनाही खायला तोच अमोनिया लागतो. आणि या सगळ्या घाईत कुणी उत्साहाने "ताई, हा फिल्टर धुऊन देऊ का?" असं विचारलं, तर त्याच्या हातातून तो काढून घे.

टबाचं सांगते. उंच, अरुंद पिंपापेक्षा पसरट टब बरा, कारण हवा पाण्यात शिरते ती वरच्या पृष्ठभागातून. शंभर लिटरचे दोन नवे टब लागतील. कपडे भिजवलेला, साबण लागलेला एकही नको, कितीही खळखळून धुतला तरी नको. बाथरूममध्ये ठेवायचा मोह होईल, पाण्याची सोय असते म्हणून. पण तिथे फिनेल, संडास धुण्याचं ऍसिड, गीझरचं गरम पाणी. तुझी मागची बेडरूम चांगली आहे. तिथली फरशी या वेळी बदलत नाही आहात ना? तिथेच, भिंतीला लागून. आणि भरण्याआधी जागा पक्की कर, कारण शंभर लिटर भरलेला टब सरकवता येत नाही. प्लास्टिक फुगतं आणि फाटतं. वर मच्छरदाणीची जाळी किंवा जुनी ओढणी ताणून कडेने बांध. घाबरलेले मासे पहिल्या रात्री उडी मारतात.

माशांना आदल्या दिवसापासून खायला देऊ नकोस. एक दिवस, दीड दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, आणि टबाचं पाणी तितकं स्वच्छ राहतं. कामाच्या दिवशी सर्वांत आधी हीटरचं बटण बंद कर आणि तो अर्धा तास पाण्यातच राहू दे. गरम हीटर पाण्याबाहेर काढला की त्याची काच तडकते. मग झाडं काढ, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळ. निम्मं पाणी टबांत घे. मासे धरायची घाई पाणी जास्त असताना करू नकोस. पाणी सहा-सात इंचांवर आलं की ते आपोआप हाताशी येतात आणि त्यांची पळापळ कमी होते. एंजलचे लांब पर जाळीत फाटतात, म्हणून त्यांना प्लास्टिकच्या डब्यात अलगद पाण्यासकट घे. सकरला तर जाळी लावूच नकोस. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात, आणि ते सोडवता सोडवता मासाही जखमी होतो आणि आपले हातही. त्यालाही डबाच. टेट्रा जाळीने चालतील. सकर आणि एंजल एका टबात, टेट्रा दुसऱ्यात. एंजलना दाटीवाटीत लहान मासे दिसले की ते खाऊन टाकतात. कॅनिस्टर फिल्टर एंजलच्या टबावर जाईल. दुसऱ्यासाठी साधा स्पंज फिल्टर आजच आण आणि आजपासूनच टँकमध्ये चालू ठेव, म्हणजे त्या दिवसापर्यंत त्यावर निदान थोडे जिवाणू बसतील. कॅनिस्टरमधल्या दोन-चार रिंगाही जाळीच्या पिशवीत घालून त्या टबात सोड.

रेतीला सर्वांत शेवटी हात लाव, मासे बाहेर गेल्यावरच. बरीच वर्षं तळाशी दबलेल्या जाड रेतीत हवा पोचत नाही. ती उकरली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू माशांना मारक असतो. खिडकी उघडी ठेव, रेती घमेल्यात काढ, स्वच्छ धू आणि वाळव. तिच्यातले जिवाणू जातील, जाऊ देत. फिल्टर जिवंत आहे ना, तो सांभाळून घेईल.

रिकामी पेटी चौघांनी तळाला हात घालून उचलायची. वरच्या पट्टीला धरून कुणीही नाही. ती धरायला नसते. स्टँडवरून उतरवून सपाट प्लायवूडवर, मध्ये थर्माकोल घालून ठेवा. एका कडेवर उभी करू नका. आणि वर जाड चादर टाक. कारागीर हातातली थापी-करणी जवळ दिसेल तिथे ठेवतात, त्यांचाही दोष नाही, त्यांना दुसरी जागा कुठे असते?

आता ते मिस्त्री. त्यांच्याशी तीन गोष्टी तू स्वतः बोल, भाऊजींवर सोपवू नकोस. पहिली म्हणजे वाळवीचं औषध. फरशी उघडी पडली की कुणीतरी म्हणतंच, आता खाली पेस्ट कंट्रोल करून घ्या. वाळवीच्या औषधांमध्ये जी कीटकनाशकं वापरतात, त्यातली कित्येक माशांना फार थोड्या मात्रेतही मारतात. करायचंच असेल तर मासे त्या घरात नसताना. आणि या दिवसांत बेडरूममध्ये डासांची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, सगळं बंद. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो; खोलीत जे असेल ते टबात जाणार. त्याच कारणाने धूळ. बेडरूमच्या दाराच्या फटीला खालून ओला टॉवेल लाव. दुसरी गोष्ट म्हणजे ऍसिड. टाइलवर सांडलेलं सिमेंट काढायला शेवटी ऍसिड मारतात, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. तो दिवस आधी विचारून ठेव आणि त्या दिवशी एअर पंप गॅलरीच्या खिडकीपाशी, बाहेरची हवा घेईल असा ठेव. नळी लांब आण, दहा फुटांची.

तिसरी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत लागून आहे: टँकच्या जागेखालची टाइल. व्हिट्रिफाइड टाइल दिसायला दगडासारखी असली तरी ती खालच्या मसाल्यावर टेकलेली असेल तिथेच ताकदवान. खाली पोकळी राहिली की वरून ठोकल्यावर ढब-ढब वाजते, आणि तुझ्या स्टँडचा एकेक पाय शंभर किलोच्या आसपास भार तळहाताएवढ्या जागेवर टाकणार आहे. पोकळीवर पाय आला तर टाइल फुटलीच समज. चार पाय कुठे येणार तिथे खडूने फुल्या मारून ठेव, मिस्त्रींना सांग, काका, इथे मसाला पूर्ण भरा, आणि टाइल बसल्यावर स्वतः लाकडी दांड्याने वाजवून बघ. पायांखाली लाकडाची जाड फळी घाल, म्हणजे भार पसरतो. आणि पाणसळ लावून सपाटी तपास. हॉलला गॅलरीकडे थोडा उतार देतात, पाणी वाहून जावं म्हणून. तो उतार टँकच्या कोपऱ्यात नको. थोडा असलाच तर पाचर स्टँडच्या पायाखाली मारायची, काचेच्या आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही.

फरशी उघडी आहे तोवर एक इलेक्ट्रिकचा पॉइंट टँकच्या बाजूला, जमिनीपासून वर काढून घे. आत्ता तुझी वायर टँकच्या मागून खाली जमिनीजवळच्या बोर्डाला जाते, आणि पाणी वायरीवरून ओघळून तिथेच पोचतं. याकडे मी दर दिवाळीला बघते आणि गप्प बसते.

मिस्त्री चार दिवस म्हणाले ना? तू बारा धर. उखडायला आणि राडारोडा खाली न्यायलाच दोन दिवस जातात, आणि सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर एवढा भार लगेच चढवायचा नाही. सिमेंटला पुरी ताकद यायला २८ दिवस लागतात. तेवढं थांबायला तुला जमणार नाही, पण निदान आठवडाभर तरी तो कोपरा मोकळा ठेव. मासे टबात आहेत म्हणून कासावीस होऊन घाई करू नकोस. टबात फिल्टर चालू असेल, हवा चालू असेल, तर ते बरे असतात. एक दिवसाआड चिमूटभर खायला दे. रोज पाव टब पाणी बदल. नवं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून, अँटी-क्लोर टाकून ठेवलेलं. अमोनिया तपासायचं किट दुकानात मिळतं. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक. हिरवट झालं की खाणं बंद आणि पाणी बदल. लाइट जाण्याची भीती असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेव. मुलांना आधीच सांगून ठेव, टबात हात घालायचा नाही.

दुकानातला दादा म्हणाला म्हणालीस, माशांना पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा. तो भला माणूस आहे, पण त्याच्याकडे रोज नवे मासे येतात आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येतो. मी तरी पाठवणार नाही.

परत भरताना पेटी आधी नव्या जागी ठेवून, खाली थर्माकोल घालून, नुसत्या पाण्याने भर आणि एक रात्र तशीच ठेव. सांध्यांना खालून कोरडा टिश्यू फिरवून बघ. गळती नसेल तरच रेती, लाकूड, झाडं. मग अँटी-क्लोर, मग तापमान टबाइतकं, मग फिल्टर आणि मासे एकाच तासात. टँकचं पाणी थोडं थोडं त्यांच्या डब्यात घालत, अर्धा-पाऊण तास देऊन सोड. त्या दिवशी टँकचा दिवा लावू नकोस. सकर दोन दिवस लाकडामागून बाहेरच येणार नाही, काळजी करू नकोस. पुढचे दोन आठवडे खाणं निम्मं, आणि किट रोज.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. टब मी घेऊन येते, माझ्याकडे दोन कोरे पडून आहेत. तू फक्त स्पंज फिल्टर आणि अँटी-क्लोर आणून ठेव, आणि मी येईपर्यंत त्या कॅनिस्टरचं झाकण उघडू नकोस.